हत्यारपेटी साइटच्या आत की बाहेर?

तारापूर एमआयडीसीतल्या एखाद्या रसायन कारखान्याची वेबसाइट आणि केळवे-माहीमच्या वाडीतल्या घरगुती रिसॉर्टची वेबसाइट यांत वरवर काहीच साम्य दिसत नाही. एकीवर उत्पादनांची यादी आणि परदेशी खरेदीदारासाठी चौकशीचा फॉर्म, दुसरीवर सुरूच्या बनाचे फोटो, खोल्यांचे दर आणि सरंग्याच्या ताटाचे कौतुक. आतून मात्र दोन्ही बहुधा एकाच घडणीच्या असतात: वर्डप्रेस, विकतची थीम, पंधरा-वीस प्लगइन आणि सामायिक होस्टिंग. त्या सांभाळणारा माणूसही अनेकदा एकच. तो पालघर, बोईसर किंवा सफाळ्याला राहतो, अशा बऱ्याच साइट वार्षिक कराराने, म्हणजे ‘एएमसी’वर घेतो आणि निम्मी कामे फोनवर येणाऱ्या ‘साइट ओपन होत नाहीये’ या एका वाक्यावरून सुरू करतो.

‘सगळे एकात’ अशी जाहिरात करणाऱ्या प्लगइनचा खरा गिऱ्हाईक हाच. एक पेटी बसवली की वर्डप्रेसच्या डॅशबोर्डमध्येच चुकांची नोंदवही, डेटाबेसची खिडकी, फाइल मॅनेजर, शोधा-आणि-बदला, वेळापत्रकावरची कामे, गेलेल्या ईमेलची यादी, दुसऱ्या वापरकर्त्याच्या नावाने आत शिरायची सोय आणि कोडचे तुकडे चिकटवायची जागा मिळते. मालकाला होस्टिंगचा पासवर्ड सापडत नाही, आधीच्या डेव्हलपरने एफटीपीची माहिती दिलेली नाही, हातात फक्त डॅशबोर्डचे लॉगिन आहे, अशा वेळी ही पेटी वरदान वाटते. आणि आपल्याकडे वेळ बहुतेकदा तशीच असते.

माझे मत आधीच सांगतो. पेटीतल्या पाहणाऱ्या हत्यारांना साइटच्या आत जागा द्यायला हरकत नाही. बदलणाऱ्या हत्यारांना मात्र काम असेल तेवढ्यापुरतेच आत घ्यावे. या दोन जाती एका पुडक्यात बांधून विकल्या जातात, हीच अडचण आहे.

पाहणाऱ्या हत्यारांचा इतिहास साधा आहे. मॅट मलनवेग आणि माइक लिटल यांनी बी-टू नावाच्या जुन्या ब्लॉग-प्रणालीवरून वर्डप्रेस उभे केले आणि २७ मे २००३ रोजी पहिली आवृत्ती बाहेर आली. त्यात चुका पाहायच्या तर डब्ल्यूपी-कॉन्फिग या फाइलमध्ये डीबगची ओळ चालू करावी लागते. तिच्या जोडीला दोन ओळी आहेत. एक चुका फाइलमध्ये लिहिते, दुसरी त्या पडद्यावर दाखवायच्या की नाही हे ठरवते. ही दुसरी ओळ विसरल्यामुळे रिसॉर्टच्या पहिल्याच पानावर सर्व्हरच्या फोल्डरांचे पत्ते छापलेले इंटरनेटवर हवे तितके दिसतात. गिऱ्हाइकाला त्यातले काही कळत नाही. ज्याला कळू नये त्याला मात्र नेमके कळते.

या जातीतले सर्वांत उपयोगी हत्यार जॉन ब्लॅकबर्न यांचे ‘क्वेरी मॉनिटर’. ते फुकट आहे आणि त्याची माहिती फक्त प्रशासकाला दिसते. एक पान उघडायला डेटाबेसला किती प्रश्न विचारले गेले, त्यांतला संथ कोणता, तो कोणत्या प्लगइनने विचारला, बाहेरच्या कोणत्या सर्व्हरची वाट पाहण्यात वेळ गेला, हे सगळे ते प्लगइनच्या नावानिशी सांगते. साइट मंद आहे अशी तक्रार आली की आपल्याकडे आधी कॅशचे प्लगइन बसवतात, मग दुसरे बसवतात, मग होस्टिंगवाल्याला शिव्या घालतात. क्वेरी मॉनिटर दहा मिनिटे उघडून बसले तर यांतल्या बऱ्याच गोष्टी टळतात. ‘सगळे एकात’वाल्या पेट्यांच्या जाहिरातीतला निम्मा भाग म्हणजे याच कामाची कमी बारकाईची नक्कल, असे माझे निरीक्षण आहे.

दुसरी गोष्ट पेटी विकणारे सांगत नाहीत. पेटीतली काही हत्यारे आता वर्डप्रेसच्या मूळ संचातच आली आहेत. ७ मे २०१९ च्या ५.२ आवृत्तीपासून ‘साइट हेल्थ’ हा भाग डॅशबोर्डमध्ये आहे. पीएचपीची आवृत्ती, डेटाबेसची स्थिती, बंद पडलेली वेळापत्रके आणि जुनी प्लगइन तिथे एका पानावर दिसतात. त्याच आवृत्तीत एखाद्या प्लगइनने साइट पाडली तरी प्रशासकाला आत शिरता यावे अशी सोय आली. साइट पांढरी पडली की वर्डप्रेस एक ईमेल पाठवते. त्यातल्या दुव्यावरून आत गेलात तर बिघडलेले प्लगइन तुमच्यापुरते थांबवलेले असते. २०२० च्या नोव्हेंबरात पीएचपी ८ आले आणि जुनी थीम वापरणाऱ्यांना या सोयीची फार गरज पडली, कारण पीएचपी ७.२ पासूनच मोडीत काढायचे ठरलेले काही जुने आदेश त्यात पूर्ण काढून टाकले गेले. पीएचपी ७.४ ची सुरक्षा-दुरुस्ती २८ नोव्हेंबर २०२२ ला थांबली. त्यानंतर होस्टिंगवाले आवृत्ती वर ढकलत गेले आणि ‘काल तर चालत होती’ असे फोन वाढले.

पण हे ईमेल जाते कुठे? साइटच्या सेटिंगमध्ये प्रशासक म्हणून ज्याचा पत्ता असेल तिथे. आपल्या भागात तो पत्ता बरेचदा साइट बांधून देणाऱ्या पहिल्या मुलाचा असतो. तो मुलगा आता मुंबईत किंवा पुण्यात नोकरी करतो, आणि तो ईमेल पाहत असला तरी ‘हे काय आता’ म्हणून पुसून टाकतो. कोणतीही पेटी घेण्याआधी हा पत्ता बदलणे हे देखभालीतले पहिले काम आहे, आणि त्याला एक रुपयाही लागत नाही.

हंगामाचाही एक गुण या साइटमध्ये शिरतो. वर्डप्रेसचे घड्याळ खरे घड्याळ नाही. बॅकअप, अपडेटची तपासणी, राखून ठेवलेले लेख प्रकाशित करणे ही वेळापत्रकावरची कामे कुणी पान उघडले की तेव्हाच पुढे सरकतात. पावसाळ्यात केळव्याच्या किनाऱ्यावर पर्यटक कमी, तसे साइटवरही कमी. रात्री दोनचा बॅकअप दुसऱ्या दिवशी दुपारी कुणी किंवा एखादा शोधयंत्राचा बॉट फिरकेपर्यंत थांबून राहतो. वेळापत्रक दाखवणारी हत्यारे, उदाहरणार्थ ‘डब्ल्यूपी क्रॉनट्रोल’, ही रखडलेली कामे उघडी पाडतात. उपाय मात्र पेटीत नाही, होस्टिंगच्या सीपॅनेलमध्ये आहे: वर्डप्रेसचे घड्याळ बंद करून सर्व्हरचे खरे क्रॉन जोडायचे.

कारखान्यांच्या साइटचे दुखणे वेगळे. तिथे पान उघडण्याच्या वेगाने कुणाचे फारसे अडत नाही. अडते ते चौकशीच्या फॉर्मचे. ताकायुकी मियोशी यांचे ‘कॉन्टॅक्ट फॉर्म ७’ हे जगातल्या सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या फॉर्मपैकी एक. ते आलेला मजकूर ईमेलने पाठवते, स्वतःजवळ ठेवत नाही. ठेवायचा असेल तर त्याच लेखकाचे ‘फ्लेमिंगो’ हे जोड-प्लगइन लावावे लागते. आता पाठवलेले ईमेल हरवले तर चौकशीही कायमची गेली. सामायिक होस्टिंगवरून थेट पाठवलेली पत्रे स्पॅममध्ये जाण्याचा धोका आधीपासून होता. फेब्रुवारी २०२४ पासून गुगल आणि याहू यांनी पाठवणाऱ्याची ओळख पटवण्याच्या अटी कडक केल्या, तेव्हा तो आणखी वाढला. जर्मनीतल्या खरेदीदाराने रंगद्रव्याचा नमुना मागितला, पडद्यावर ‘धन्यवाद’ दिसले आणि बोईसरच्या ऑफिसात काहीच पोहोचले नाही, हा बिघाड कुठल्याही चूक-नोंदवहीत सापडत नाही. कारण वर्डप्रेसच्या दृष्टीने चूक झालेलीच नसते. डोमेनच्या नोंदी तपासणे आणि पत्रे एसएमटीपीने पाठवणे हा त्यावरचा उपाय.

इथे ईमेलची नोंद ठेवणारे हत्यार उपयोगी पडते, आणि तेच हत्यार घातही करते. ‘पोस्ट एसएमटीपी’ या तीन लाखांहून अधिक साइटवरच्या प्लगइनमध्ये जानेवारी २०२४ मध्ये जाहीर झालेल्या उणिवेमुळे बाहेरच्या माणसाला पाठवलेली पत्रे वाचता येत होती. त्या पत्रांत पासवर्ड बदलण्याचे दुवेही असतात. प्रशासकाचा पासवर्ड विसरल्याचे नाटक करायचे, नोंदीतून दुवा उचलायचा आणि आत शिरायचे. पाहणारी हत्यारेसुद्धा निर्धोक नसतात ती अशी. ती जे पाहतात ते लिहून ठेवतात, आणि लिहिलेले कुणीही वाचू शकते.

याचे सर्वांत बोलके उदाहरण २०२४ च्या सप्टेंबरातले. ‘लाइटस्पीड कॅश’ हे पन्नास लाखांहून अधिक साइटवर चालणारे प्लगइन. त्याची डीबगची सोय कधी चालू केली असेल तर नोंदवहीत लॉगिन झालेल्यांच्या कुकीही लिहिल्या जात, आणि ती फाइल सर्वांना ठाऊक असलेल्या जागी, ठाऊक असलेल्या नावाने पडून राही. पत्ता टाइप केला की फाइल उघडे. कुकी उचलली की पासवर्ड लागतच नाही. ‘कधी चालू केली असेल तर’ हे शब्द महत्त्वाचे. कुणी वर्षापूर्वी एक बिघाड शोधण्यासाठी सोय चालू केली, काम झाल्यावर बंद केली आणि फाइल मात्र पुसली नाही, तर तेवढे पुरे होते. दुरुस्तीत लेखकांनी फाइल वेगळ्या फोल्डरमध्ये आणि अंदाज न येणाऱ्या नावाने ठेवायला सुरुवात केली.

बदलणाऱ्या हत्यारांकडे वळलो की धोक्याची जातच बदलते. ‘फाइल मॅनेजर’ प्लगइनचा सप्टेंबर २०२० चा प्रसंग प्रत्येक देखभाल करणाऱ्याने एकदा नीट वाचावा. सात लाखांवर साइटवर ते बसलेले होते. त्याच्या आत एलफाइंडर नावाचे मुक्त, बाहेरचे कोड होते. त्यातली नमुन्यासाठी दिलेली एक फाइल नाव बदलून चालती केली गेली होती आणि तिच्यावर पहारा नव्हता. लॉगिन नाही, पासवर्ड नाही, थेट त्या फाइलला विनंती पाठवून सर्व्हरवर हवे ते चढवता येत होते. ६.९ आवृत्तीत दार बंद झाले, पण तोवर हल्ले सुरू झाले होते. यातली मेख अशी की ती फाइल वर्डप्रेसला न विचारता चालत होती. म्हणून डॅशबोर्डमध्ये प्लगइन ‘निष्क्रिय’ करून ठेवलेल्यांचेही संरक्षण नव्हते. ‘बंदच आहे की, राहू दे’ हे आपल्याकडचे लाडके वाक्य इथे कामाचे नाही.

पेटी मोठी होत जाते तसा आणखी एक धोका वाढतो. ‘रियली सिंपल एसएसएल’ हे साइटला सुरक्षित जोडणी लावून देणारे एककलमी प्लगइन होते. ते वाढत वाढत सुरक्षेची सर्वसमावेशक पेटी झाले, नावातही बदल झाला. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्यातल्या नव्या, दोन टप्प्यांच्या लॉगिनच्या भागात अशी चूक निघाली की ती सोय चालू असलेल्या साइटवर कुणालाही प्रशासक म्हणून आत जाता येत होते. चाळीस लाखांहून अधिक साइटवर ते प्लगइन होते. अनेकांनी ते फक्त कुलपाच्या चित्रासाठी बसवले होते. आत आणखी काय काय येऊन बसले हे त्यांनी पाहिलेच नव्हते.

मालकी बदलण्याचा मुद्दा थोडक्यात उरकतो, कारण तो तांत्रिक नाही. ‘डिस्प्ले विजेट्स’ हे दोन लाख साइटवरचे साधे प्लगइन २०१७ मध्ये विकले गेले आणि नव्या मालकाने अपडेटमधून चोरदार घातले. २०२४ मध्ये मलनवेग आणि होस्टिंग कंपनी डब्ल्यूपी इंजिन यांच्या भांडणात ‘अ‍ॅडव्हान्स्ड कस्टम फील्ड्स’ या डेव्हलपरांच्या अत्यंत आवडत्या हत्याराची जागा वर्डप्रेसच्या भांडारातून काढून दुसऱ्या नावाने चालवली गेली. डिसेंबरात अमेरिकेतल्या न्यायालयाच्या आदेशानंतर ती डब्ल्यूपी इंजिनला परत मिळाली. भांडणात कोण बरोबर हा वाद इथे नको. बोईसरला बसलेल्या माणसाच्या हाती अपडेटचे बटण होते, पण त्यामागे कोण आहे हे ठरवण्याची सोय नव्हती.

आता खास आपली अडचण, जिच्याकडे इंग्रजीतली परीक्षणे पाहतही नाहीत. समजा माहीमच्या रिसॉर्टवाल्याने सांगितले, ‘लोक मुंबईच्या माहीमला शोधत राहतात, सगळीकडे केळवे-माहीम करून टाका.’ पेटीतल्या शोधा-आणि-बदला खिडकीत दोन शब्द टाकून बटण दाबण्याचा मोह होतो. वर्डप्रेस अनेक सेटिंग अशा रीतीने साठवते की मजकुराशेजारी त्याची बाइटमधली लांबीही लिहिलेली असते. ‘माहीम’मध्ये युनिकोडची पाच चिन्हे आहेत: म, काना, ह, दीर्घ वेलांटी, म. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेते, म्हणून लांबी १५. ‘केळवे-माहीम’ची होते ३१, कारण मधला हायफन एकाच बाइटचा. डेटाबेसमध्ये थेट बदल केला तर शब्द बदलतो, शेजारचा १५ तसाच राहतो. मग पीएचपीला ती नोंद वाचता येत नाही आणि बाजूची विजेट, मेनू, थीमची रंगसंगती गायब होते. चांगले हत्यार आधी नोंद उलगडते, बदल करते, लांबी नव्याने मोजून परत बांधते. कोणतीही पेटी पारखताना ही एक चाचणी मराठी मजकुरावर करून पाहावी.

पेज-बिल्डरने बांधलेल्या पानांवर आणखी गंमत होते. एलिमेंटरसारख्या साधनात पानाचा मजकूर जेसनच्या रूपात साठतो आणि देवनागरी अक्षरे तिथे युनिकोडच्या क्रमांकांनी लिहिलेली असतात. डेटाबेसमध्ये ‘माहीम’ शोधले तर त्या जेसनमधला शब्द सापडत नाही, पानावर मात्र तो शब्द ढळढळीत दिसत असतो. आणि जिथे सापडतो तिथे आधीपासून ‘केळवे-माहीम’ लिहिलेले असले तर त्याचे ‘केळवे-केळवे-माहीम’ होते.

पानाच्या पत्त्याची गोष्टही अशीच. मराठी शीर्षकावरून पत्ता तयार होताना प्रत्येक चिन्हाचे नऊ अक्षरी संकेत होतात आणि वर्डप्रेसने त्या रकान्याला दोनशे अक्षरांची मर्यादा घातली आहे. म्हणजे काना-मात्रा धरून जेमतेम बावीस चिन्हे. ‘केळवे-माहीम’नेच त्यातली ९१ अक्षरे खाल्ली. लांब शीर्षकांचे पत्ते मध्येच तुटतात, आणि सारख्या सुरुवातीच्या दोन लेखांपैकी दुसऱ्याला शेवटी आकडा चिकटतो. पुनर्निर्देशनाची हत्यारे असे पत्ते कधी उलगडून जुळवतात, कधी नाही. जाहिरातीतला ‘बहुभाषी’ हा शब्द याबद्दल काहीच सांगत नाही. साइट छोटी असेल तर मी पत्ता सरळ रोमन लिपीत हाताने लिहितो. अभिमान थोडा दुखावतो, पण व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला दुवा तुटत नाही.

तारापूरच्या रसायन कारखान्यांत वेल्डिंगसारखे काम करायचे असेल तर आधी परवाना लिहितात. कोणते काम, कुठे, किती वाजेपर्यंत, कोणाच्या देखरेखीत, आणि काम संपले की परवाना बंद. डेटाबेसची खिडकी आणि फाइल मॅनेजर यांना हीच पद्धत हवी, आणि ती पद्धत हत्यारातच बांधता येते याचे उदाहरण आपल्या राज्यातच आहे. राहुल बन्सल यांनी २००९ मध्ये सुरू केलेल्या पुण्याच्या आरटीकॅम्प या कंपनीने ‘ईझीइंजिन’ हे मुक्त साधन बनवले. सर्व्हरवर एका आदेशात वर्डप्रेस साइट उभी करणे, सांभाळणे हे त्याचे काम. चौथ्या आवृत्तीपासून ते डॉकर वापरते, म्हणून प्रत्येक साइट आपल्या वेगळ्या कप्प्यात चालते. त्यात पीएचपीमायअ‍ॅडमिनसारखी प्रशासकीय हत्यारे एकेका साइटपुरती चालू करायचा आदेश आहे, बंद करायचाही आहे, आणि त्यांच्या दारावर वेगळा पासवर्ड असतो. हत्यारे साइटच्या आत राहतच नाहीत. ईझीइंजिन ज्या ‘डब्ल्यूपी-सीएलआय’च्या घडणीवर उभे आहे, ते आदेशांचे साधन २०११ पासून आहे. शोधा-आणि-बदला तेही करते, लांबी नीट मोजून करते, आणि आधी नुसती तालीम करून किती जागी बदल होईल ते सांगते.

मग सगळे ईझीइंजिन का वापरत नाहीत? कारण त्याला स्वतःचा सर्व्हर लागतो, आणि रिसॉर्टवाल्याने वर्षाचे सामायिक होस्टिंग स्वस्तात घेतलेले असते. काळ्या पडद्यावर आदेश लिहायची सवय लागते आणि क्लायंटला त्यातले काही दाखवता येत नाही. रंगीत डॅशबोर्ड दाखवला की एएमसीचे पैसे मागणे सोपे जाते, हे कारण कुणी बोलत नाही पण मोठे आहे. जिल्ह्यांच्या सरकारी साइट राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या ‘एसथ्रीवास’ मंचावर एकत्र सांभाळल्या जातात, तिथे हा प्रश्नच येत नाही. स्थानिक कर्मचारी मजकूर भरतो, हत्यारे केंद्राकडे. छोट्या धंद्यासाठी असा मंच उभा करायला मध्ये कुणीतरी लागेल. पालघर-बोईसरच्या चार-पाच जणांनी एक सर्व्हर मिळून घेतला तर जमण्यासारखे आहे, पण एकमेकांचे क्लायंट पळवण्याच्या भीतीने ते होत नाही.

पेट्यांची किंमतही विचारात घ्यावी. बऱ्याच पेट्या ‘लाइफटाइम डील’ म्हणून विकल्या जातात. आयुष्य कोणाचे, ते जाहिरातीत नसते. लेखकाने कंटाळून काम सोडले की ते संपते. फुकटातली जोडणी पाहा: साइट हेल्थ मूळ संचात आहे. क्वेरी मॉनिटर आहे. वर्डप्रेसच्याच स्वयंसेवकांचे ‘हेल्थ चेक अँड ट्रबलशूटिंग’ आहे. त्यात बाकी पाहुण्यांना साइट जशीच्या तशी दिसत राहते आणि फक्त तुमच्यासाठी सगळी प्लगइन बंद होतात, मग एकेक चालू करून गुन्हेगार शोधायचा. एवढ्यावर बोईसरच्या बहुतेक तक्रारी निघतात. उरलेल्यांसाठी बॅकअप घेऊन, वेगळ्या चाचणी-साइटवर बदलणारी हत्यारे चालवावीत. अनोळखी प्लगइन आधी पाहायचे असेल तर २०२२ पासून ‘वर्डप्रेस प्लेग्राउंड’ आहे. अख्खे वर्डप्रेस ब्राउझरच्या खिडकीत चालते, खिडकी बंद केली की संपते, कुणाच्या सर्व्हरला धक्का लागत नाही.

नोंदींबाबत कायद्याचा एक तुकडा ध्यानात ठेवावा. सायबर सुरक्षेची सरकारी यंत्रणा ‘सर्ट-इन’ हिच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार कंपन्यांनी आपल्या प्रणालींच्या नोंदी १८० दिवस सांभाळायच्या आहेत आणि सायबर घटना कळल्यापासून सहा तासांत कळवायची आहे. एमआयडीसीतला कारखाना ही कंपनीच आहे. नोंदवही ठेवणे आणि ती सर्वांना वाचता येईल अशा फोल्डरमध्ये ठेवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि ‘सगळे एकात’वाल्या पेट्यांतल्या फार थोड्या हा फरक सेटिंगमध्ये दाखवतात. पेटी निवडताना मी आता वैशिष्ट्यांची यादी शेवटी वाचतो. आधी पाहतो की नोंदीची फाइल कुठे पडते, डेटाबेस आणि फाइलींचे भाग वेगळे बंद करता येतात का, आणि प्लगइन काढून टाकल्यावर सर्व्हरवर काय मागे राहते. एएमसीवर नवी साइट घेतली की पहिल्या दिवशी सीपॅनेलमधून प्लगइनचे फोल्डर उघडून पाहावे. आधीच्या माणसाचा निष्क्रिय फाइल मॅनेजर तिथे निघाला तर तो डॅशबोर्डमधून नुसता बंद न ठेवता पुसून टाकावा.